वाट बदलण्याचा खर्च

(नाहूर येथे महाविद्यालयीन विद्यार्थी व पालक यांच्यासमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



महाविद्यालयात शिकत असताना एखाद्या विद्यार्थ्याने घेतलेली दिशा सोडून दुसरी धरली, तर त्या घटनेला समाजात दोन नावे मिळतात. मुलगा सुखवस्तू घरातला असला, तर त्याला स्वतःचा सूर सापडला असे म्हटले जाते. तोच मुलगा कामगाराच्या, शिपायाच्या किंवा भाजीविक्रेत्याच्या घरातला असला, तर पोराचे डोके फिरले असे म्हटले जाते. कृती एक, परंतु तिचा निवाडा करणारी न्यायालये दोन. या दोन निवाड्यांमधील अंतर कोठून येते, हा आजचा विषय आहे.

व्यक्तिमत्त्व विकास हा शब्द अलीकडे फार स्वस्त झाला आहे. रेल्वे स्थानकाबाहेरच्या भिंतींवर त्याच्या वर्गांच्या जाहिराती असतात. चार आठवड्यांत इंग्रजी संभाषण, आत्मविश्वास आणि मुलाखतीला बसावे कसे याचे धडे, एवढ्यात विकास पुरा होतो अशी त्या जाहिरातींची कल्पना दिसते. अठरा ते बावीस या वयात माणूस खरोखर वाढतो तो निराळ्या रीतीने. आपल्याला आवडते असे वाटलेले आपल्याला आवडत नाही, हे त्याला कळते. ज्या विषयाचे नावही ऐकले नव्हते तो विषय त्याची झोप उडवतो. वडिलांचे म्हणणे सर्वस्वी खरे नाही आणि सर्वस्वी खोटेही नाही, हे त्याच्या ध्यानात येते. ही वाढ होताना वाट बदलावी लागली, तर तिला वेळ लागतो. वेळेला पैसा लागतो. तो पैसा कोणी द्यायचा, हे मात्र कोणत्याही जाहिरातीत लिहिलेले नसते.

हा प्रश्न नाहूरला विचारण्यात औचित्य आहे. भांडुप आणि मुलुंड या दोन मोठ्या स्थानकांच्या मधले हे गाव. त्याला स्वतःचे रेल्वे स्थानक मिळाले ते २००६ साली. तोवर येथला माणूस भांडुपला किंवा मुलुंडला चालत जाऊन गाडी पकडत असे. पूर्वेला मिठागरे आणि खाडी, पश्चिमेला लालबहादूर शास्त्री मार्ग आणि त्यापलीकडे डोंगर. या मार्गाच्या दोहों बाजूंना स्वातंत्र्योत्तर काळात कारखान्यांची रांग उभी राहिली. भांडुपला एशियन पेंट्स, सिएट, गेस्ट कीन विल्यम्स. मुलुंडला जॉन्सन अँड जॉन्सन, होएक्स्ट. कोकणातून, घाटावरून, पुढे उत्तरेकडून आलेल्या माणसांच्या आयुष्याला या रांगेने एक आकार दिला. 'कंपनीत लागणे' आणि 'परमनंट होणे' हे येथल्या बोलीतील दोन क्रियापद-समूह म्हणजे एका पिढीचे संपूर्ण जीवनविषयक तत्त्वज्ञान होते. परमनंट झालेल्या माणसाला भविष्यनिर्वाह निधी होता, कॅन्टीन होते, युनियन होती, मुलाच्या लग्नाला कर्ज होते. दिशा एकदाच निवडायची होती आणि ती फाटकावरच्या रखवालदाराने आत सोडले की निवडली जात असे.

त्या पिढीचा मुलांना दिलेला उपदेश या अनुभवातून आलेला आहे. एकदा धरलेली बाजू सोडू नये. धरसोड करणाऱ्याचे भले होत नाही. हा उपदेश भ्याड नाही. ज्याने बदली कामगार म्हणून फाटकाबाहेर महिनोन्महिने सकाळची हजेरी दिली, त्याला स्थैर्याची किंमत कोणी शिकवावी? परंतु ज्या जगात तो उपदेश खरा होता ते जग त्याच मार्गावर डोळ्यांदेखत पालटले. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, तो रीतसर मागे न घेताच विरून गेला आणि गिरणगावातील परमनंट माणूस एकाएकी कोणीच राहिला नाही. उपनगरांतील कारखान्यांची पडझड इतक्या गाजावाजाने झाली नाही. एक विभाग बंद झाला, स्वेच्छानिवृत्तीचे कागद फिरले, यंत्रे दुसऱ्या राज्यात गेली, जमिनीचा भाव उत्पादनापेक्षा अधिक झाला. काही कारखाने टिकले. कित्येक जागांवर मात्र उंच इमारती आणि खरेदीची दालने आली. वडील ज्या फाटकातून टिफिन घेऊन आत जात, त्याच जागी मुलगा आठ-दहा तास उभा राहून कपडे विकतो आणि संध्याकाळी पदवीच्या तिसऱ्या वर्षाचा अभ्यास करतो. त्याला परमनंट हा शब्द लागू नाही. म्हणजे बाजू न सोडण्याचा उपदेश शिल्लक आहे, पण बाजूच जाग्यावर राहिलेली नाही.

अशा मुलाने किंवा मुलीने दुसऱ्या वर्षाला असताना वाट बदलायचे म्हटले, तर काय घडते हे बारकाईने पाहिले पाहिजे. मुळात वाट निवडली कोणी? दहावीच्या गुणपत्रिकेने. पंचाऐंशीच्या वर गेला तर विज्ञान, त्याखाली वाणिज्य, त्याहून खाली कला, आणि अगदीच उतरला तर आयटीआय. हा उतरता जिना महाराष्ट्रातील प्रत्येक घराला तोंडपाठ आहे. जणू साहित्य, इतिहास, समाजशास्त्र हे कमी गुणांचे विषय आहेत आणि फिटर होणे ही शिक्षा आहे. मुलुंडला शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहे. तेथे धातूला हात लावून शिकणारा मुलगा आपल्या मित्रांपुढे ते नाव दबक्या आवाजात घेतो, आणि ज्याला एका हिशेबाची गोडी नाही असा मुलगा बी.कॉम. या अक्षरांवर समाधान मानतो. पंधराव्या वर्षी, एका उन्हाळ्यात, बहुधा शेजारच्याच्या सल्ल्याने घेतलेला हा निर्णय विसाव्या वर्षी चुकीचा वाटला, तर त्यात नवल कसले? नवल हे की तो बदलण्याची सोय कोठेच नीट केलेली नाही.

महाराष्ट्राच्या सार्वजनिक जीवनात शिक्षण चालू असताना वाट बदललेल्यांची परंपरा मोठी आहे, आणि ती समाजवादी चळवळीच्या वाचकाला अपरिचित नाही. राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगरापलीकडे गोरेगाव आहे. १९२८ साली जन्मलेल्या मृणाल मोहिले वैद्यकीय शिक्षण घेत होत्या. मुलीला डॉक्टर करण्याचे धाडस त्या काळी थोड्याच घरांत होते आणि ती संधी मिळालेल्या मुलीने ती सोडणे हे त्याहून दुर्मिळ. राष्ट्र सेवा दलाच्या कामात ओढल्या गेलेल्या मृणालताईंनी ते शिक्षण सोडले, १९४८ साली केशव गोरे यांच्याशी विवाह केला आणि गोरेगाव ही कर्मभूमी केली. १९५८ साली केशव गोरे गेले. १९६१ साली त्या मुंबई महानगरपालिकेवर निवडून आल्या, १९७२ साली विधानसभेवर, १९७७ साली लोकसभेवर. उपनगरांतील नळाला पाणी यावे यासाठी त्या इतक्या भांडल्या की लोकांनी त्यांना 'पाणीवाली बाई' हे नाव दिले. महागाईविरुद्ध लाटणी घेऊन रस्त्यावर उतरलेल्या बायकांच्या मोर्चांनी मंत्र्यांना घाम फोडला. २०१२ साली त्यांचे निधन झाले.

ही हकीकत सभांमधून सांगितली जाते तेव्हा 'त्याग' या शब्दावर येऊन थांबते. डॉक्टरी सोडली, केवढा त्याग! हा शब्द आदराचा आहे, पण तो अर्धीच गोष्ट सांगतो. मृणालताईंनी जे सोडले त्याकडेच त्याची नजर आहे. त्यांना जे मिळाले त्याकडे नाही. १९४१ साली पुन्हा उभ्या राहिलेल्या सेवा दलाची शाखा त्यांना मिळाली. जातीपातीबाहेरचे स्नेही मिळाले. करायला काम मिळाले, ज्याचा उपयोग दुसऱ्या दिवशी सकाळी दिसत असे. तरुण मुलगी निव्वळ पोकळीत उडी घेत नसते. पलीकडे कोणी हात धरणारे दिसले की तिची उडी पडते. तेव्हा तसे हात होते. आज वाट बदलू पाहणाऱ्या मुलीला पलीकडे काय दिसते? खासगी वर्गाचे शुल्कपत्रक, आणि मोबाइलवर एखाद्या यशस्वी तरुणाची मुलाखत, ज्यात त्याच्या वडिलांच्या उत्पन्नाचा उल्लेख नसतो.

जयप्रकाश नारायण यांचे उदाहरण अधिक बोलके आहे, कारण त्यात पैशाचा हिशेब उघडा दिसतो. १९२१ साली परीक्षा तोंडावर आलेली असताना असहकाराच्या हाकेसरशी त्यांनी पाटण्याचे सरकारी अनुदानावरचे महाविद्यालय सोडले. इथपर्यंतची कथा सर्वांना ठाऊक आहे. पुढची कथा अशी की १९२२ साली ते अमेरिकेला गेले, ते विज्ञान शिकायला. कॅलिफोर्नियातील बर्कले येथे रसायनशास्त्र घेतले. द्राक्षमळ्यांत मजुरी केली, फळे भरली, हॉटेलात भांडी घासली. बर्कलेचे शुल्क दुप्पट झाले तेव्हा ते परवडेना म्हणून त्यांना आयोवाला जावे लागले. पुढे विस्कॉन्सिनला मार्क्सचे वाचन झाले आणि विज्ञानाचा विद्यार्थी समाजशास्त्राकडे वळला. ओहायोतून त्या विषयाची एम.ए. पदवी घेऊन १९२९ साली ते परतले. सात वर्षांत विद्यापीठे अनेक, विषय दोन, नोकऱ्या असंख्य. आजच्या एखाद्या मुलाखत मंडळापुढे हा अर्ज आला असता, तर धरसोड वृत्तीचा उमेदवार असा शेरा मारून तो बाजूला ठेवला गेला असता. त्या सात वर्षांत घरी कोण होते? प्रभावतीदेवी. त्यांचा विवाह १९२० साली झाला होता. पती परदेशी असताना त्या गांधीजींच्या आश्रमात राहिल्या. जयप्रकाशांच्या घडणीचा एक भाग मजुरीच्या डॉलरांनी फेडला गेला आणि दुसरा एका तरुण स्त्रीच्या प्रतीक्षेने. हा दुसरा भाग चरित्रांत एका ओळीत उरकला जातो.

जवळच्या काळातील एक उदाहरण पुण्याचे आहे. अनिल अवचट बी. जे. मेडिकलमध्ये शिकून डॉक्टर झाले. १९६९ साली त्यांचे 'पूर्णिया' प्रसिद्ध झाले आणि महाराष्ट्राला डॉक्टराऐवजी एक लेखक मिळाला. हमाल, विडी कामगार, अंधश्रद्धांचे बळी यांच्याविषयी त्यांनी लिहिले तसे त्यापूर्वी मराठीत फारसे कोणी लिहिले नव्हते. परंतु घर चालले ते डॉ. सुनंदा अवचट यांच्या मनोरुग्णालयातील नोकरीवर, आणि हे ऋण अवचटांनी कधी लपवले नाही. पुढे १९८६ साली या दोघांनी मुक्तांगण सुरू केले. वाट बदलणारा एक आणि तिचा खर्च वाहणारी दुसरी, ही जोडी मान्य केली की मग बरेच भाबडे कौतुक गळून पडते. खर्च वाहणारे कोणी नसेल तर काय, हा प्रश्न लगेच पुढे येतो.

त्याचे उत्तर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या आयुष्यात शोधावे लागते. १९१३ साली बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर ते कोलंबिया विद्यापीठात गेले, ते परतल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याच्या कराराने. लंडनला अर्थशास्त्र आणि बॅरिस्टरी यांचा अभ्यास सुरू केला आणि शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ साली तो अर्धवट टाकून परतावे लागले. बडोद्यात कराराप्रमाणे नोकरीवर रुजू झाले, तेव्हा शिपाई लांबून फायली फेकत आणि राहायला जागा मिळेना. ती नोकरी सुटली. सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी करून शिल्लक टाकली, शाहू महाराजांनी मदत केली, मित्राने उसने दिले, आणि १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. १९२३ साली डी.एस्सी. मिळाली. ज्याची बुद्धी जगाने मान्य केली त्या माणसालाही अर्धा राहिलेला अभ्यास पुरा करायला इतके दरवाजे ठोठवावे लागले. या अनुभवाचे फळ मुंबईला मिळाले. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ साली सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले आणि त्याचे वर्ग सकाळी ठेवले, म्हणजे दिवसा कचेरीत राबणाऱ्या कारकुनाला आणि शिपायाला पदवी घेता यावी. वेळापत्रकातील एवढ्याशा फेरफाराने किती माणसांचे आयुष्य दुसऱ्या वाटेला लागले! साताऱ्याला कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९४७ साली छत्रपती शिवाजी महाविद्यालय काढले तेही 'कमवा आणि शिका' या तत्त्वावर. या दोघांनी विद्यार्थ्यांना आत्मविश्वासाची व्याख्याने दिली नाहीत. घड्याळ आणि कमाई या दोन गोष्टींची सोय लावली.

मग स्वतंत्र भारताच्या सरकारी व्यवस्थेने काय केले? येथे एका कोरड्या कलमाकडे लक्ष वेधणे भाग आहे. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी १९४४ पासून चालत आलेली मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती ही या देशातील अत्यंत मोलाची योजना आहे. लाखो घरांतील पहिला पदवीधर तिच्यामुळे झाला. परंतु तिच्या नियमावलीत दीर्घकाळ अशी अट राहिली की ज्या विषयासाठी शिष्यवृत्ती मंजूर झाली तो विषय किंवा ती संस्था विद्यार्थ्याने राज्य सरकारच्या पूर्वसंमतीवाचून बदलली, तर शिष्यवृत्ती रद्द होऊ शकेल. दुसरी अट अशी की एका टप्प्याची परीक्षा उत्तीर्ण होऊन त्याच टप्प्यावर निराळा विषय घेणाऱ्याला, उदाहरणार्थ बी.ए. होऊन पुन्हा बी.कॉम.ला बसणाऱ्याला, शिष्यवृत्ती मिळणार नाही. सार्वजनिक पैशाचा दुरुपयोग होऊ नये हा हेतू समजण्यासारखा आहे. तथापि त्याचा अर्थ काय झाला? ज्याचे वडील शुल्क भरू शकतात त्याने मन बदलले तर तो त्याच्या घरचा प्रश्न. जो शिष्यवृत्तीवर शिकतो त्याने मन बदलले तर तो मंत्रालयाचा प्रश्न. गरीब विद्यार्थ्याला शिकण्याचा हक्क दिला, पण चुकण्याचा हक्क दिला नाही. आणि चुकण्याचा हक्क नसलेले शिक्षण म्हणजे एका अर्थी पुन्हा कारखान्याचे फाटकच झाले.

१९८३ साली महाराष्ट्रात विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली, तेव्हापासून या बेडीत आणखी एक कडी वाढली. पूर्वी विषय सोडला तर वर्ष बुडत असे. आता वर्षाबरोबर आईचे दागिने आणि बँकेचे कर्जही बुडते. एवढे पैसे भरल्यावर अभियांत्रिकी आवडत नाही असे म्हणायची छाती कोणाची होणार? मुलगा चार वर्षे मुकाट्याने काढतो, पदवी घेतो आणि पदवीचा काही संबंध नसलेल्या नोकरीत जातो. त्याने दिशा बदलली नाही असे कोण म्हणेल? बदलली, पण चार वर्षे उशिरा आणि कर्जासकट.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने या साऱ्यावर उपाय सुचवला असल्याचे सांगितले जाते. एक वर्ष शिकून बाहेर पडल्यास प्रमाणपत्र, दोन वर्षांनी पदविका, तीन वर्षांनी पदवी, चार वर्षांनी ऑनर्स. मिळालेले श्रेयांक २०२१ पासून सुरू झालेल्या अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये जमा राहतील आणि विद्यार्थी पुढे ठरावीक मुदतीत परत येऊन शिक्षण चालू करू शकेल. शाखांच्या भिंती पाडण्याची भाषा त्यात आहे आणि ती भाषा स्वागतार्ह आहे; कोठारी आयोगाच्या काळापासून विचारवंत जे मागत होते त्यातील काही त्यात आले आहे. परंतु बाहेर पडण्याचा दरवाजा आणि आत येण्याचा दरवाजा हे दोन्ही सारख्याच रुंदीचे असतील, हे गृहीत धरणे धोक्याचे आहे. बाहेर पडायला फक्त अडचण पुरेशी असते. घरात आजारपण आले, वडिलांचे काम सुटले, की एका वर्षाचे प्रमाणपत्र हातात घेऊन मुलगा दुकानात उभा राहतो. परत यायला शुल्क लागते, वेळ लागतो, आणि घरात त्याच्या पगाराची एकदा सवय झाली की ती मोडायला निराळेच धैर्य लागते. बँकेत श्रेयांक जमा आहेत, पण त्या खात्यातून पोट भरत नाही. परत येणाऱ्याच्या शुल्काची आणि चरितार्थाची तरतूद जोवर नाही, तोवर या सोयीचा उपभोग वरचे घेतील आणि खालच्यांची गळती मात्र प्रमाणपत्राच्या नावाने सन्मानित होईल.

मुलींचा विचार स्वतंत्रपणे केला पाहिजे. मुलाचे एक वर्ष वाया गेले तर ते वर्षच जाते. मुलीचे वर्ष गेले तर घरातील वडीलधारी माणसे ते वयात मोजतात आणि स्थळे पाहू लागतात. त्यामुळे वाट चुकली असे मनात असूनही मुली ते बोलत नाहीत. गप्प राहून पदवी पुरी करणे त्यांना अधिक सुरक्षित वाटते. २०२४ साली महाराष्ट्र शासनाने आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास वर्गांतील, ८ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले. हे पाऊल चांगले आहे. बी.ए.चे दुसरे वर्ष सोडून परिचर्या किंवा विधी शिकू पाहणाऱ्या मुलीच्या घरी निदान शुल्काचा आकडा दाखवून कोणी दार लावू शकणार नाही. बसभाडे, वह्या आणि स्थळ हे तिघे मात्र उरतातच.

येथवर ऐकून एखादा पालक म्हणेल की मग काय, पोरांनी दर सहा महिन्यांनी नवी वाट धरावी काय? ही शंका रास्त आहे आणि तिला उडवून लावणे हा तरुणांचा खोटा कैवार होईल. प्रत्येक बदल म्हणजे वाढ नव्हे. कठीण विषयापासून पळ काढण्यालाही वाट बदलणे म्हणतात. मित्र गेला म्हणून जाण्यालाही म्हणतात. अभियांत्रिकीची लाट, मग संगणकाची लाट, मग आणखी कशाची लाट, या लाटांमागे धावणाऱ्याने दिशा बदललेली नसते. त्याच्या वतीने बाजाराने ती बदललेली असते. खरा बदल ओळखण्याची एक साधी खूण आहे. ज्या कामाकडे जायचे ते काम विद्यार्थ्याने काही काळ स्वतःच्या हातांनी करून पाहिले आहे काय? वृत्तपत्रात जायचे असेल तर महाविद्यालयाचे भित्तिपत्रक सहा महिने न चुकता काढले आहे काय? शिक्षक व्हायचे असेल तर वस्तीतील चार मुलांना एक सत्रभर शिकवले आहे काय? १९६९ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरे आज पुष्कळ ठिकाणी गुणांसाठी आणि छायाचित्रांसाठी उरली आहेत. परंतु दहा दिवस एखाद्या खेड्यात राहून ज्याने बंधाऱ्याला दगड लावले, त्याला शेतीशास्त्र आवडते की आवडत नाही हे कोणत्याही अभिरुची चाचणीपेक्षा अधिक खात्रीने कळते. जयप्रकाशांचे समाजशास्त्र पुस्तकाइतकेच द्राक्षमळ्यात आणि हॉटेलच्या मोरीत तयार झाले होते.

पालकांनाही एक विनंती अशी करता येईल की मुलाने विषय काढला त्या रात्रीच त्यावर निकाल देऊ नये. कागदावर हिशेब मांडावा. किती वर्षे अधिक लागतील, किती पैसे लागतील, त्यांतील किती तो स्वतः मिळवील, धाकट्या बहिणीच्या शिक्षणावर त्याचा काय परिणाम होईल. हा शेवटचा प्रश्न मुले सहसा विचारात घेत नाहीत. एका खोलीच्या घरात थोरल्याची वाट बदलली की धाकटीची वाट बंद होण्याचा संभव असतो, आणि तिचे मत घेण्याची पद्धत नाही. ज्या घरात असा हिशेब सर्वांसमक्ष मांडला जाईल त्या घरात निर्णय कोणताही झाला, तरी तो कोणा एकावर लादलेला राहणार नाही.

घरांनी करायचे ते एवढेच. उरलेले काम संस्थांचे आहे. नाहूरच्या विद्यार्थ्याला एकेकाळी महाविद्यालयासाठी विद्याविहार, माटुंगा गाठावे लागे. १९७० साली मुलुंडला वाणिज्य महाविद्यालय आणि १९८४ साली केळकर एज्युकेशन ट्रस्टचे वझे महाविद्यालय निघाले. महाविद्यालये दाराशी आली आहेत. त्यांचे वर्ग नोकरी करणाऱ्याला सोयीचे कितपत आहेत? पहिल्या सत्रात विषय बदलू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने कोणत्या खिडकीवर जायचे, हे सूचनाफलकावर लिहिलेले असते काय? शिष्यवृत्तीवरील विद्यार्थ्याच्या पूर्वसंमतीचा अर्ज पुढे पाठवायला किती दिवस लागतात, आणि त्या दिवसांत त्याचे शुल्क कोण भरतो? गेल्या पाच वर्षांत किती विद्यार्थ्यांनी विषय बदलला, किती जण पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडले आणि त्यांतील किती परत आले, किती जणांची शिष्यवृत्ती या कारणाने थांबली, याची नोंद कार्यालयातील कपाटांत असलीच पाहिजे, कारण त्याशिवाय लेखापरीक्षण होत नाही. ती नोंद पाहिल्यावाचून नव्या धोरणाची स्तुती किंवा निंदा करणे हे दोन्ही हवेतले बोलणे आहे. शासकीय अनुदान घेणारी महाविद्यालये २००५ च्या माहितीच्या अधिकाराच्या कक्षेत येतात. अर्ज साध्या कागदावर, मराठीत करता येतो आणि त्याचे शुल्क १० रुपये आहे.